ऊन फुकट, सौरघट कोणाचा?

सूर्यप्रकाशावर कोणाची मालकी नाही. मग त्यापासून वीज करणाऱ्या घटावर कोणाची असते? व्याख्यानानंतर विद्यार्थी हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात. त्याचे उत्तर थोडे भौतिकशास्त्रात आणि बरेचसे कायद्यात आहे.

प्रथम एकस्व, म्हणजेच पेटंट पाहू. संशोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात इतरांना ती वापरण्यापासून ठरावीक काळ रोखण्याचा हक्क मिळवायचा, असा हा सौदा. १९९५ साली अमलात आलेल्या ट्रिप्स करारानुसार हा काळ अर्जाच्या तारखेपासून किमान २० वर्षांचा असतो. सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्याचे पेटंट १९५७ साली मिळाले आणि तेव्हाच्या १७ वर्षांच्या मुदतीप्रमाणे १९७४ साली संपले. म्हणजे मूळ कल्पना आज सर्वांची आहे.

तरीही घट बनवणे सोपे नाही. नव्या सुधारणांवर नवी पेटंटे असतात. शिवाय सिलिकॉन निदान ९९.९९९९ टक्के शुद्ध लागते. ती शुद्धता रोजच्या उत्पादनात टिकवण्याचे कसब पेटंटच्या कागदात पुरते उतरत नाही. कृती वाचून पुरणपोळी जमत नाही, तसेच हे!

हे कसब देशात यावे म्हणून २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात काही प्रकल्पांना देशी बनावटीचे घट व पॅनेल वापरण्याची अट घातली गेली. २०१३ साली अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. गॅट करारानुसार आयात मालाला देशी मालापेक्षा कमी लेखता येत नाही. सरकारी खरेदीला मात्र सूट आहे, आणि भारताने तिचाच आधार घेतला. पण सरकार विकत घेत होते वीज, घट नव्हेत. म्हणून सूट लागू नाही, असे ठरले. २०१६ साली अपिलातही भारत हरला. त्याच वर्षी भारताने अमेरिकेतील काही राज्यांच्या तशाच अटींविरुद्ध तक्रार केली. २०१९ साली तज्ज्ञ मंडळाचा निकाल भारताच्या बाजूने लागला. त्यावर अमेरिकेने अपील केले. अखेर २०२३ साली दोन्ही देशांनी हे तंटे आपसात मिटवले.

मग बरोबर कोण? आयात घट स्वस्त असतील तर गावात दिवा लवकर लागतो. पण उद्या पुरवठा अडला तर आपले हात रिकामे राहतात. आमच्या मते मार्ग मधला आहे. खरेदीदारावर अट लादणे आणि संशोधनाला व उत्पादनाला मदत करणे, यांत व्यापाराचे नियम फरक करतात. ती मदत प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंत पोहोचली, तरच कसब रुजेल.

वर्गात दोन गट करून हा खटला पुन्हा चालवून पाहावा. विद्यार्थी कोणता निकाल देतात, त्याहून तो कशाच्या आधारे देतात, हे अधिक महत्त्वाचे.