बारा मुलं आणि एक लस
फेब्रुवारी 1998मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध आला. अवघी 12 मुलं तपासून त्यांनी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांच्या संबंधाची शंका पेरली. लस कंपन्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून घेतलेल्या पैशांचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. पत्रकार ब्रायन डीअर यांनी ते खणून काढलं. मुलांच्या नोंदीही फिरवलेल्या निघाल्या. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांना पाच-पाच पौंड देऊन या डॉक्टरांनी रक्ताचे नमुने घेतले होते, म्हणजे बघा! निबंध मागे घ्यायला 2010 उजाडलं. दरम्यान ब्रिटनमधलं लसीकरण 80 टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि गोवर परतला. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दोन्ही डोस चुकवू नका.