रिपोर्टची मागणी कुठे अडते?

टाटा आणि केईएमच्या आसपास, परळच्या फुटपाथवर, मोबाइलवर रिपोर्ट उघडून बसलेले नातेवाईक रोज दिसतात. समजा, तो रिपोर्ट एका खाजगी लॅबचा आहे आणि लॅबने आपले सर्व्हर मुंबईतल्याच एखाद्या क्लाउड डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतले आहेत. रिपोर्टची मागणी तिथे पोचते कशी, आणि भलत्याच माणसाची मागणी अडते कुठे?

डेटा सेंटरमधल्या एका खऱ्या यंत्रावर अनेक ग्राहकांची आभासी मशीन चालतात. प्रत्येक मशीनचं नेटवर्क कार्डही आभासीच. ते जोडलेलं असतं व्हर्च्युअल स्विचला, आणि हा स्विच मशीनच्या आत नसतो. तो खालच्या, ही आभासी मशीन चालवणाऱ्या हायपरवायजरच्या थरात असतो. लॅबचा आणि शेजारच्या भाडेकरूचा, दोघांचाही सर्व्हर १०.०.०.५ याच पत्त्यावर असू शकतो. घोटाळा होत नाही, कारण पॅकेट दुसऱ्या यंत्राकडे पाठवताना स्विच त्यावर आणखी एक आवरण चढवतो आणि त्यात ग्राहकाच्या नेटवर्कचा क्रमांक घालतो. जुन्या व्हीलॅनमध्ये असे ४,०९४ क्रमांकच वापरता येत. व्हीएक्सलॅनमध्ये ते १ कोटी ६७ लाखांवर गेले.

फायरवॉल बसते ती याच स्विचवर, प्रत्येक मशीनच्या तोंडाशी. लॅबच्या वेबसर्व्हरचा नियम असा: ४४३ पोर्टवर कोणीही यावं. डेटाबेसचा नियम: ५४३२ पोर्टवर फक्त ‘वेबसर्व्हर’ गटातल्या मशीनने यावं, बाकी सगळं बंद. नियमात पत्त्याऐवजी गटाचं नाव असतं, कारण क्लाउडमध्ये मशीन येतात-जातात आणि पत्ते बदलत राहतात. आत आलेल्या मागणीची नोंद स्विच ठेवतो, त्यामुळे तिच्या उत्तरासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

दर पॅकेटला सगळे नियम वाचत बसलं तर रिपोर्ट उघडायला वेळ लागेल. म्हणून ओपन व्ही-स्विचसारखं सॉफ्टवेअर पहिल्या पॅकेटला सगळे नियम लावून पाहतं आणि निकाल कर्नलमध्ये जपून ठेवतं. मागून येणारी पॅकेटं त्याच निकालावर झटपट सुटतात.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पहारा मशीनच्या बाहेर असणं. वेबसर्व्हरचा पूर्ण ताबा हल्लेखोराकडे गेला, तरी त्याला तिथून हे नियम पुसता येत नाहीत. त्याला डेटाबेसचं एक पोर्ट दिसतं. बिलिंगचं मशीन, बॅकअपचं मशीन दिसतच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नेटवर्कची नीट विभागणी नसल्याचं कारण सरकारने संसदेत सांगितलं होतं. ते सर्व्हर एम्सचे स्वतःचे होते, पण धडा क्लाउडलाही तोच लागू पडतो.

आणि तरीही नियम लिहिणारा माणूसच असतो. घाईत, ‘आत्तापुरतं’ म्हणून, डेटाबेसच्या नियमात ०.०.०.०/० लिहिलं जातं. याचा अर्थ जगातल्या कोणालाही प्रवेश. त्या डेटाबेसला सार्वजनिक पत्ताही असेल, तर स्विच हा नियम तितक्याच इमानाने पाळतो. लॅब चालवणाऱ्याने आपल्या तंत्रज्ञाकडून नियमांची यादी मागवावी आणि हे शून्य ४४३ सोडून आणखी कुठे आहेत का, एवढं आधी शोधावं.