नखावरची कमान

दुसऱ्याचा हात आपल्या डाव्या हातात घेऊन, टेबलावरच्या दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशात, जेमतेम अर्ध्या इंचाच्या रुंदीवर दीड-दोन तास एकाग्रतेने बांधकाम करीत राहणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे, अशा कारागिरांचा एक नवा वर्ग गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांतून उदयास आला आहे. लोक त्यांना ‘नेल आर्टिस्ट’ म्हणतात आणि त्यांच्या कामाची गणना शृंगारात करून पुढे जातात. ही गणना खोटी नाही. परंतु एखादे कसब शृंगाराच्या सदराखाली एकदा नोंदले गेले, की त्याच्यामागील शास्त्राची विचारपूस करण्याचे कोणास कारण उरत नाही. माझ्या भाचीने हा उद्योग पत्करला, तेव्हा माझीही समजूत याहून निराळी नव्हती. पुढे पुण्यातील तिच्या लहानशा दुकानात काही दुपारी तिच्या शेजारी बसून जे पाहिले, त्यावरून येथे रंग थोडा असून इमारतच फार आहे, अशी माझी खात्री झाली.

ज्या कामाबद्दल मी लिहीत आहे त्याला व्यवसायात ‘स्ट्रक्चर्ड जेल मॅनिक्युअर’ म्हणतात. बाटलीतले साधे नेलपॉलिश चार-पाच दिवसांत कडेने उडू लागते. हे जेल मात्र नीट बसवलेले असेल तर भांडी घासणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या, दिवसभर कळफलकावर टंकलेखन करणाऱ्या हातांवरही तीन-चार आठवडे तडा न जाता टिकते. हा टिकाऊपणा बाटलीतल्या द्रव्यात भरून येतो, असा बहुतेक गिऱ्हाइकांचा समज असतो. वस्तुतः तेच जेल एका हाताखाली महिनाभर टिकते आणि दुसऱ्या हाताखाली आठवड्यात सुटते.

कारण समजण्यासाठी प्रथम ज्या जमिनीवर हे बांधकाम उभे राहते तिचा विचार केला पाहिजे. नख म्हणजे केराटिन नामक प्रथिनाच्या मृत, चपट्या पेशींचे एकमेकांवर दाबून बसलेले थर. त्यांची एकंदर जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्वचेच्या घडीखाली दडलेल्या मूलस्थानी ते घडत राहते आणि महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर या गतीने पुढे सरकते. म्हणजे हाताचे एक नख संपूर्ण नवे होण्यास सहा महिने लागतात. ते दिसते दगडासारखे, परंतु त्याचा स्वभाव लाकडाचा आहे: पाणी शोषते, फुगते, वाकते, आणि वाळले की पुन्हा आकसते. दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या गृहिणीचे नख वीस वेळा किंचित पसरते व वीस वेळा आक्रसते. त्यावर बसवलेला लेप या हालचालीत सामील होऊ शकला नाही, तर दोहोंमध्ये फट पडते. त्या फटीतून पाणी शिरते आणि लेप कडेपासून उचलला जातो. या उचलण्याला दुकानात ‘लिफ्टिंग’ म्हणतात, आणि कारागिराचे निम्मे कौशल्य त्याचा आगाऊ बंदोबस्त करण्यात खर्च होते.

साध्या नेलपॉलिशचा पाया नायट्रोसेल्युलोज हा असून ते द्रावकात विरघळवलेले असते. द्रावक उडून गेला की पातळ पापुद्रा मागे राहतो. जेलची जात वेगळी. त्यात उडून जाण्याजोगे फारसे काही नसतेच. अॅक्रिलेट वर्गातील लहानमोठे रेणू आणि प्रकाश पडताच त्यांना चेतवणारे एक द्रव्य असे ते मिश्रण असते, आणि दिव्याखाली हे सुटे रेणू परस्परांस जखडून घेऊन त्यांचे एकच घट्ट जाळे बनते. या द्रव्यांचे माहेर दंतवैद्यकात आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याने १९५४ साली आपले तुटलेले नख दातांसाठी वापरावयाच्या अॅक्रिलिकने सांधले, तेथून कृत्रिम नखांच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ मानतात. प्रकाशाने घट्ट होणारी जेले १९८० नंतरच्या दशकात आली. पुढे २०१० साली सीएनडी या अमेरिकन कंपनीने ब्रशाने लावता येणारे जेल-पॉलिश ‘शेलॅक’ या नावाने विक्रीस आणले. त्यात लाखेचा अंशही नाही; परंतु ज्या संस्कृत ‘लाक्षा’ शब्दापासून इंग्रजीतील ‘लॅकर’ निघाला, आणि जिच्या रसाने आपल्याकडे आळता सिद्ध होत असे, तिचे नाव अशा रीतीने जगभर फिरून पुन्हा नखावरच येऊन बसले, याचे मला मोठे अप्रूप वाटते. नंतरच्या काळात इंग्लंडातील ब्रायटन येथील द जेल बॉटल या कंपनीने ‘बिल्डर इन अ बॉटल’ हा प्रकार लोकप्रिय केला. नखाला आकार देणारे जाड बिल्डर जेल, जे पूर्वी डबीतून काढून लावावे लागे, ते आता बाटलीतल्या ब्रशाने लावता येऊ लागले. रशिया व युक्रेन या प्रदेशांतील कारागिरांनी मात्र नखाचा पृष्ठभाग जेलने समतल व कमानदार करण्याची पद्धत आणि तिच्याआधीची तयारी अशा सूक्ष्मतेस नेली, की कोरड्या नखावर यंत्राने करावयाच्या पूर्वतयारीला आज सर्वत्र ‘रशियन मॅनिक्युअर’ असेच नाव पडले आहे.

पूर्वतयारी हाच या विद्येचा गाभा आहे, असे माझे मत झाले. जुन्या रीतीत हात प्रथम कोमट पाण्यात भिजवीत. येथे पाण्याला संपूर्ण मज्जाव. भिजून फुगलेल्या नखावर लेप चढवावा आणि तासाभराने नख वाळून आकसावे, म्हणजे पहिल्याच दिवशी लेपाचा पाया हलला. कोरड्या नखावर भाची प्रथम एका बोथट पात्याने मुळाकडची त्वचा हलकेच मागे सारते. तेथे दोन गोष्टी एकमेकींस इतक्या बिलगून असतात की अननुभवी डोळ्यास त्या एकच भासतात: नखावर चिकटलेला मृत त्वचेचा पारदर्शक पापुद्रा, आणि त्याच्या मागची जिवंत त्वचेची घडी. पापुद्रा काढलाच पाहिजे, कारण जेल त्याच्यावर बसले तर नखाला कधी चिकटतच नाही; आणि घडीला मात्र हात लावता कामा नये, कारण नखाच्या मुळाशी जंतूंना अटकाव करणारा तोच दरवाजा आहे, आणि तो कापला की नखुरड्याला वाट मोकळी होते. फिरत्या यंत्राच्या अग्रावर ज्वालेच्या आकाराचे बारीक टोक लावून हा पापुद्रा तेवढा उचलणे आणि घडीस ओरखडाही न लागू देणे, याचा अभ्यास महिनोन्‌महिने चालतो. घडीसुद्धा कापून टाकून काठ अधिक स्वच्छ दाखवण्याचा जो प्रघात काही ठिकाणी पडला आहे, त्याला त्वचारोगतज्ज्ञांचा विरोध आहे, आणि तो मला सर्वथा योग्य वाटतो.

यानंतर बारीक कणांच्या कानशीने नखाची चकाकी तेवढी घालवावयाची. येथे हयगय झाली तर जेल धरत नाही, आणि अतिरेक झाला तर आधीच अर्ध्या मिलिमीटरची असलेली जमीन आणखी पातळ होते; ‘जेलमुळे माझी नखे कागदासारखी झाली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा या कानशीत किंवा पुढे लेप ओरबाडून काढण्यात असते. मग धूळ झाडणे, नखाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून कोरडा ब्रश फिरवणे, नखावरचे तेल व ओल टिपून घेणारा द्रव लावणे. एकदा ही सफाई झाली की त्या नखाला कोणी बोटही लावावयाचे नाही. “मामा, या कोपऱ्यात धूळ राहिली ना, तर तिसऱ्या आठवड्यात इथूनच उचलणार,” असे म्हणून तिने मला करंगळीच्या कडेचा एक कोपरा दाखवला. मला तेथे काहीही दिसले नाही.

आता प्रत्यक्ष बांधकाम. प्रथम बेस कोटचा अत्यंत पातळ हात, जवळजवळ घासून जिरवल्यासारखा. तो दिव्याखाली घट्ट झाला, की त्यावर बिल्डर जेलचा दुसरा पातळ ओला थर, जो तूर्त घट्ट करावयाचा नसतो. या ओल्या थरावर मधाइतक्या दाट जेलचा एक टपोरा थेंब नखाच्या मध्यापासून किंचित मागे सोडतात, आणि ब्रशाचे टोक नखाला न टेकवता, त्या थेंबाच्या पाठीवर तरंगत ठेवून त्याला थोडा मुळाकडे, थोडा कडांकडे आणि उरलेला टोकाकडे वळवतात. दाबले की जेल वाहून जाते. म्हणून हे काम हुकमाने होत नाही, अजिजीनेच होते. खालचा थर ओला असल्यामुळे जेल आपोआप समपातळीत येऊ लागते, आणि नेमक्या त्या क्षणी कारागीर गिऱ्हाइकाचा तळहात वर फिरवून बोट उपडे करते. ज्या गुरुत्वाकर्षणामुळे जेल कडांकडे ओघळले असते, त्याच्याच ओढीने आता ते नखाच्या मध्यरेषेवर गोळा होते, आणि काही क्षणांत तेथे एक सुबक उंचवटा तयार होतो. त्याला ‘अपेक्स’ म्हणतात. बोट पुन्हा सुलटे करून ते तात्काळ दिव्याखाली धरले, की तो आकार कायम झाला.

या उंचवट्याचे प्रयोजन ज्याला समजले त्याला सारी विद्या समजली, असे म्हणण्यास हरकत नाही. बोटापुढे वाढलेले नख म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा. सज्ज्याच्या टोकावर भार पडला तर तो टोकाशी मोडत नाही, भिंतीलगत मोडतो; म्हणून जाणता गवंडी सज्ज्याची फरशी भिंतीकडे जाड आणि टोकाकडे निमुळती ठेवतो. नखालाही दाराची कडी, डब्याचे झाकण, कपाटाचा खण यांचे धक्के टोकाशी बसतात आणि ताण मात्र नख बोटाच्या मांसापासून सुटते त्या रेषेच्या आसपास साठतो. जाडी तेथेच हवी. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, हा यंत्रशास्त्राचा नियम येथे कामी येतो: सर्वत्र जाड लेप दिल्यास नख बोजड व बेढब होईल, परंतु नेमक्या जागी थोडीशीच भर घातली तर टोक व कडा पातळ राहूनही ते मोडत नाही. बाजूने पाहिले असता मुळाशी अगदी सपाट, मध्ये हळूहळू चढणारी आणि टोकाकडे उतरणारी अशी ती कमान दिसते. तिची परीक्षाही सोपी आणि कठोर आहे. डोक्यावरच्या नळीच्या दिव्याची प्रतिमा ओल्या जेलमध्ये पडते; बोट हळूहळू फिरवले असता ती प्रकाशाची रेघ न तुटता, न लचकता मुळापासून टोकापर्यंत गेली तर काम बरोबर, आणि ती कोठे वाकली तर तेथे खड्डा किंवा उंचवटा आहे, असे समजावे.

रंग त्यानंतर. मुळाशी त्वचेपासून केसाएवढे अंतर राखावयाचे, टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवून लेप तेथे मुडपून घ्यावयाचा, आणि शेवटी चकाकीचा टॉप कोट.

दिव्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण लोक त्याला केवळ वाळवण्याचे यंत्र समजतात. पूर्वीच्या दिव्यांत ९ वॉटच्या चार अतिनील नळ्या असत आणि प्रत्येक थराला साधारण दोन मिनिटे लागत. आजचे एलईडी दिवे ३६५ ते ४०५ नॅनोमीटर या टप्प्यातील प्रकाश देऊन तेच काम अर्ध्या-एक मिनिटात करतात. परंतु जेलमधील चेतक द्रव्य आणि दिव्याचा प्रकाश यांचा मेळ असावा लागतो. एका कंपनीचे जेल दुसऱ्याच कोणत्या स्वस्त दिव्याखाली धरले, तर वरचा पृष्ठभाग टणक होऊनही आतला भाग अर्धवट कच्चा राहू शकतो, आणि हा कच्चेपणा डोळ्यांना कळत नाही. थर जाड असेल तर रेणू जोडले जाताना उष्णता निर्माण होते व नखाला चटका बसतो. तेव्हा लाजेखातर सोसत न बसता हात बाहेर काढावा आणि क्षणभराने परत घालावा.

तीन आठवड्यांत नख सुमारे २ मिलिमीटर पुढे जाते आणि कमानही त्याच्याबरोबर पुढे सरकते. उंचवटा ताणाच्या जागेवरून ढळतो, मुळाशी उघडी पट्टी दिसू लागते. म्हणून लेप सुटलेला नसला तरी मुदतीत परत जावे लागते. त्या वेळी सर्व काढून टाकण्याची जरूर नसते. वरचा रंग यंत्राने उतरवून, घट्ट धरून असलेला पातळ थर तसाच ठेवून, कमान पुन्हा योग्य जागी बांधतात. संपूर्ण काढावयाचेच असेल, तर विरघळणाऱ्या जातीच्या जेलवर अॅसिटोनचा कापूस दहा-पंधरा मिनिटे बांधून ठेवावा लागतो, आणि न विरघळणारे कठीण जेल सबुरीने कानसावे लागते.

या विद्येची दुसरी बाजू सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही, कारण तिचा संबंध प्रकृतीशी आहे. कच्चे अॅक्रिलेट त्वचेला वारंवार लागले, तर शरीर त्याविरुद्ध बंड करते, आणि ही अॅलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ सालचा विशेष दखलपात्र अॅलर्जीकारक म्हणून अॅक्रिलेटांचीच निवड केली होती. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये, विशेषतः घरच्या घरी जेल लावणाऱ्यांस, जाहीर इशारा दिला. टीपीओ नावाचे एक चेतक द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले आहे. दिव्याच्या अतिनील किरणांनी प्रयोगशाळेतील पेशींना इजा होते, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. त्यावरून माणसाला नेमका किती धोका, हे ठरत नाही, तरी बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालण्यास काय हरकत आहे? मुळाशी राखलेले ते केसभर अंतर, दिव्याचा तो मेळ, पातळ थरांचा तो आग्रह, या सर्वांचा अर्थ येथे नव्याने कळतो: ज्या नियमांनी लेप टिकतो, त्याच नियमांनी त्वचाही वाचते.

सर्वांत अधिक धोका मात्र गिऱ्हाइकाला नसून कारागिराला आहे. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते. कारागीर मुलगी रोज पाच-सहा हात हाताळते, कानशीची धूळ तिच्या नाकासमोर उडते, आणि पातळ हातमोज्यांतूनही ही द्रव्ये काही मिनिटांत झिरपू शकतात. ज्या दुकानात धूळ ओढून घेणारा पंखा आहे, हातमोजे वारंवार बदलले जातात आणि काम घाईने उरकण्याचा तगादा नाही, तेथे चार पैसे अधिक पडले तरी ते आनंदाने द्यावेत.

वाचकांपैकी ज्या भगिनी हे जेल लावून घेत असतील त्यांना एवढीच विनंती आहे. सुटू लागलेला लेप दाताने किंवा नखाने उपटू नका, कारण त्याच्याबरोबर नखाचे थर निघून येतात. बोटांच्या टोकांना खाज, लाली किंवा फोड आले, तर दुसरे जेल लावून पाहू नका. त्याच दिवशी थांबून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि अॅलर्जी निश्चित झाल्यास पुढे दात भरण्याचा किंवा सांधा बदलण्याचा प्रसंग येईल तेव्हा डॉक्टरांना ही हकिकत आठवणीने सांगा, कारण याच कुळातील द्रव्ये तेथेही वापरली जातात.