बंबाचे सांधे व वायसर : निगा आणि बदल

नाशिक जिल्ह्यात कार्तिक सरला की थंडीचा जोर वाढू लागतो. निफाडच्या परिसरात तर काही वर्षी पहाटेचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. सौर तापक व विजेचे गीझर आता खेडोपाडी पोहोचले असले, तरी मळ्यातील अनेक घरी स्नानाचे पाणी तापविण्याकरिता तांब्याचा बंब अद्यापि वापरात आहे. द्राक्षबागेच्या एप्रिल व ऑक्टोबरमधील छाटणीत निघणाऱ्या काड्या वाळवून ठेवल्यास त्याला घरचेच जळण मिळते.

तांब्याचा जाड पत्रा नीट वापरल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. असे असूनही पुष्कळ बंब अकाली मोडीत जातात. याचे कारण पत्रा झिजणे हे नसून सांधे सुटणे हे होय. हे सांधे कशाने टिकतात, गळती कशी ओळखावी आणि वायसर केव्हा व कसा बदलावा, हे माहीत असल्यास बंबाचे आयुष्य तर वाढतेच, शिवाय अपघातही टळतो.

बंबाची रचना

बंबाच्या टाकीच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्या तळाशी जाळी व जाळीखाली राखेचे भांडे असते. नळीत जाळ होतो आणि तिच्या भोवतालचे पाणी तापते. नळी जेथे टाकीच्या तळाला मिळते, तेथील सांधा डाख देऊन जोडलेला असतो. दुसरा सांधा तोटी व टाकी यांमधील, तर तिसरी जागा प्रत्यक्ष तोटीच्या फिरकीची. गळती बहुधा या तीन ठिकाणीच होते.

सांध्याचे रक्षण पाणी करते

तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सियसला वितळते, परंतु कथील व शिसे यांच्या मिश्रणाचा मऊ डाख १८३ अंशांच्या सुमारासच वितळू लागतो. लाकडाचा जाळ याहून कितीतरी अधिक तप्त असतो. तरीही डाख टिकतो, कारण नळीच्या दुसऱ्या बाजूस पाणी असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. पाणी त्यापुढे तापत नाही व आपल्यालगतच्या धातूलाही फार तापू देत नाही.

म्हणून रिकाम्या बंबात जाळ करणे ही सर्वांत घातक चूक होय. काही मिनिटांतच डाख मऊ होऊन सांधा उघडतो. ज्या बंबात वरून गार पाणी ओतले असता वरच्या तोटीतून गरम पाणी बाहेर पडते, त्यात टाकी आपोआप भरलेली राहते. तळाशी तोटी असलेल्या बंबात मात्र पाणी संपत जाते. अशा बंबात निखारे असेपर्यंत टाकी निम्म्याहून रिकामी होऊ देऊ नये आणि जितके पाणी काढले तितके गार पाणी लगेच घालावे. चुकून कोरडा तापलेला बंब आढळल्यास त्यात एकदम पाणी ओतू नये. जाळ काढून बंब निवू द्यावा.

गळती ओळखणे

बंब पेटविल्यावर प्रथम राखेत काही थेंब पडतात. ती नेहमीच गळती नसते. जळणातील ओलावा धुराबरोबर वर जाताना गार नळीवर जमतो व ठिबकतो. पाणी कोमट झाले की हे थांबते. खरी गळती जाळ नसतानाही चालू राहते. तिची परीक्षा रात्री करावी. राखेचे भांडे पुसून त्यात कोरडा कागद ठेवावा व बंब गार पाण्याने भरून ठेवावा. सकाळी कागद ओला आढळल्यास नळीचा सांधा गळतो असे समजावे.

बाहेरील सांध्यांकरिता जागा कोरडी पुसून त्यावर खडूची बारीक भुकटी लावावी. जेथून पाणी झिरपते तेथे भुकटीवर ओली रेघ उमटते.

वायसर बदलणे

नेहमीचा रबरी वायसर उष्णतेने कडक होतो व त्याला चिरा पडतात. नखाने दाबून तो दबत नसेल, तर तो निकामी झाला असे समजावे. दर वर्षी थंडीपूर्वी, दसरा-दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, वायसर तपासण्याचा परिपाठ ठेवावा. गरम पाण्यासाठी सिलिकॉन रबराचा अथवा टेफ्लॉनचा वायसर घ्यावा. हे दोन्ही उकळत्या पाण्याची उष्णता सहज सोसतात. जुन्या काळी वापरली जाणारी ॲस्बेस्टॉसची दोरी वा चकती वापरू नये, कारण तिचे तंतू फुप्फुसांना अपाय करतात. आट्यांवर सूत व सफेदा लावण्याची जुनी पद्धतही सोडावी. सफेदा शिशाचा असल्यास तो विषारी असतो. त्याऐवजी टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळावी.

बदल करताना जाळ पूर्ण विझवून, पाणी काढून, बंब गार होऊ द्यावा. तोटी सोडविताना एका पान्याने टाकीकडील बाजू धरून ठेवावी व दुसऱ्याने तोटी फिरवावी. एकाच पान्याने जोर केल्यास पत्र्याला पीळ बसून चांगला सांधाही सुटतो. बसण्याची जागा खरवडून स्वच्छ करावी, नवा वायसर सपाट बसवावा, हाताने घट्ट करून मग पान्याने केवळ पाव फेरा द्यावा. अधिक आवळल्याने गळती थांबत नाही, वायसर मात्र चेपून बाहेर येतो.

काही जुन्या पितळी तोट्यांत वायसर नसतोच. त्यांत निमुळती फिरकी आपल्या घरात घासून बसविलेली असते. ती गळू लागल्यास बाहेर काढून पुसावी व खालची चाकी किंचित आवळावी. तरीही गळल्यास ती जाणकाराकडून पुन्हा घासून घ्यावी.

नळीचा सांधा

नळीचा सांधा घरी दुरुस्त करू नये. बाजारात मिळणारा लांबी अथवा लुकणाचा लेप जाळाच्या बाजूस टिकत नाही. जुना डाख व काजळी पूर्ण काढून तांबटाकडून नवा डाख द्यावा. शक्य तेथे पितळी डाख द्यावयास सांगावे. तो मऊ डाखापेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसतो. मऊ डाखात शिसे असू शकते. म्हणून अशा बंबाचे पाणी पिण्यास वा स्वयंपाकास घेऊ नये.

क्षारांचा थर

विहिरीचे वा विंधनविहिरीचे पाणी जड असल्यास नळीवर पांढरा थर बसतो. त्यामुळे पाणी उशिरा तापते आणि धातू व पाणी यांमध्ये पडदा पडून सांधा अधिक तापतो. दर लिटर कोमट पाण्यात सुमारे २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ते पाणी तीन-चार तास टाकीत ठेवावे, मग टाकी दोन-तीन वेळा धुवावी. ते पाणी जनावरांच्या पिण्यात जाऊ देऊ नये. थर निघाल्यावर पूर्वी नसलेली गळती दिसू लागल्यास नवल मानू नये. मुळात उघडलेला सांधा थराने बुजलेला असतो.

जे तोंड कधीही बंद करू नये

गळती थांबविण्याच्या उत्साहात बंबाचे झाकण पक्के बसविणे, वाफ जाण्याचे भोक बुजविणे किंवा वरच्या तोटीला चावी लावणे हे प्राणघातक ठरू शकते. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १,६०० लिटर वाफ होते. तिला वाट न मिळाल्यास दाब वाढून टाकी फुटते. दाबाखाली वाफ निर्माण करणाऱ्या बंद भांड्यांकरिताच १९२३ मध्ये भारतीय बाष्पक अधिनियम झाला व २०२५ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. अशा बाष्पकांची नोंदणी व तपासणी होते. घरगुती बंबाला तिची आवश्यकता नसते, कारण त्याचे तोंड उघडे असते. ते बंद करणारा मनुष्य तपासणीविना बाष्पकच घरात आणतो.

बंद न्हाणीघरात बंब पेटवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वासही नाही. बंब अंगणात वा मोकळ्या पडवीत पेटवावा व तापलेले पाणी बादलीने आत न्यावे.

वायसर बदलण्यास फार खर्च येत नाही व अर्ध्या तासात काम होते. मात्र त्यापूर्वी कोणता सांधा बंद असावा व कोणते तोंड उघडे असावे, हे घरातील प्रत्येकास समजावून द्यावे. पाण्याला बंबात कोंडावे, वाफेला कधीही कोंडू नये.