म्हाताऱ्या कुत्र्याचे केस का झडतात?

कोकणात आजीच्या घरी कुत्रा ओटीच्या आत येत नसे. इथे इस्राएलमध्ये तो तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर झोपतो. मुले लग्न होऊन गेली, घरोघर आईबाप आणि म्हातारा कुत्रा उरले. मी बरीच वर्षे पशुवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होते, म्हणून ओळखीची माणसे मला विचारतात, "केस गळतात, अंगाला वास येतो. वय झालं, दुसरं काय?"

वयाने तोंडाभोवतीचे केस पिकतात, कातडी कोरडी होते, कोपरांवर घट्टे पडतात. आपल्या लाद्या कडक, तेव्हा जुनी गोधडी अंथरा. एवढे वयाचे. पण दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झाले, शेपटी उंदरासारखी उघडी पडली, खाणे तेवढेच असून कुत्रा जड आणि सुस्त झाला, तर थायरॉईडसाठी रक्त तपासून घ्या. रोजच्या गोळीने काही आठवड्यांत तरतरी येते. केसांना मात्र महिने लागतात, म्हणून गोळी मध्येच सोडू नये. पोट सुटले, कातडी पातळ झाली, सारखे पाणी पिऊन घरात लघवी होऊ लागली, तर कुशिंगचा रोग असू शकतो. असा कुत्रा "घाणेरडा झाला" म्हणून बाल्कनीत बांधलेला मी पाहिला आहे. मला त्याचा फार राग येतो.

डोळ्यांभोवतीचे केस जाणे, कोंडा, भरभर वाढणारी नखे, उतरणारे वजन, ही लक्षणे या देशात लेशमानियाची असू शकतात. भारतात ज्याला काळा आजार म्हणतात, त्याच्याच भाऊबंदातला हा जंतू. वाळूमाशी तो पसरवते, आणि ती माणसालाही चावते. औषधाने रोग आटोक्यात राहतो, पण सहसा मुळातून जात नाही. म्हणून उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर कुत्र्याला घरात झोपवा आणि डेल्टामेथ्रिनचा पट्टा गळ्यात घाला.

पेसाखनंतर गवत वाळते तेव्हा फिरून आल्यावर पायाची बोटे आणि कान रोज पाहा. कुसळ उलट्या काट्यांमुळे पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांमध्ये सूज दिसली की चिमट्याने उकरत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

अंगावर गाठ लागली तर हाताला मऊ आहे म्हणून चरबीची असे समजू नये. आमच्या टॉमीची चरबीचीच निघाली, पण ते सुईने तपासल्यावर कळले.

आता घरगुती उपाय. खोबरेल तेल चोपडले की कुत्रा ते चाटतो आणि जुलाब होतात. टी-ट्री तेल त्याला विषारी आहे. बाळाच्या लंगोटाचे झिंकचे मलमही चाटले तर बाधते. आपला शॅम्पू त्याला नको, कुत्र्याचाच आणा. औषधी शॅम्पू असेल तर कोमट पाण्याने लावून दहा मिनिटे राहू द्या, मग धुवा. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे परमेथ्रिन असलेले गोचिडांचे थेंब आणूच नका, मांजर त्याने मरू शकते.