प्लेट नव्या, तरी क्लच स्लिप का होतो?

“नव्या प्लेट टाकल्या तरी क्लच स्लिप होतोय, म्हणजे माल डुप्लिकेट निघाला.” नाशिकमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत कुठल्याही गॅरेजबाहेर थोडा वेळ थांबा, हे वाक्य कानावर पडतंच. गिऱ्हाईक वैतागलेलं असतं, मिस्त्री पार्टवाल्याकडे बोट दाखवतो आणि नुकत्याच बसवलेल्या प्लेट काढून दुसरा सेट मागवला जातो. बाजारात नकली माल आहे, यात शंका नाही. पण दुरुस्तीनंतर क्लच स्लिप झाला की बाकी काही न तपासता पहिला संशय प्लेटवरच घ्यायचा, ही सवय चुकीची आहे, आणि तिचा भुर्दंड गाडीवाल्यालाच पडतो.

क्लचमध्ये फ्रिक्शन प्लेट आणि स्टील प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. १००-१२५ सीसीच्या गाड्यांत फ्रिक्शन प्लेट साधारण चार-पाच. ही चळत स्प्रिंगा आवळून धरतात. लिव्हर दाबली की दाब सुटतो, सोडली की परत बसतो. इंजिनची ताकद चाकापर्यंत किती पोचणार, हे स्प्रिंगच्या दाबावर आणि प्लेटांमधल्या घर्षणावर ठरतं. नवा सेट टाकला की झिजलेली जाडी भरून निघते, एवढंच. स्प्रिंगा जुन्याच, स्टील प्लेट बऱ्याचदा जुन्याच, केबल जुनीच. आणि ऑइल कोणतं पडलं, हे तर कुणी विचारतही नाही.

खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडून चालतो. तो उघडायचा तर आधी ऑइल सोडावं लागतं. म्हणजे ज्या दिवशी प्लेट नव्या येतात, त्याच दिवशी ऑइलही नवं येतं. पण क्लच बिघडला की आरोपी एकच, प्लेट! कारच्या कित्येक ऑइलमध्ये, विशेषतः इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडमध्ये, घर्षण कमी करणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. कारचा क्लच कोरडा आणि इंजिनबाहेर असतो, म्हणून तिथे ती चालतात. मोटरसायकलमध्ये तीच रसायनं थेट प्लेटवर जातात.

ही ऐकीव गोष्ट नाही. याच कारणासाठी जपानी वाहन उद्योगाने १९९८ मध्ये ‘जासो टी ९०३’ हे मोटरसायकल ऑइलचं मानक आणलं. त्यात क्लचच्या प्लेटवर ऑइलची प्रत्यक्ष घर्षणचाचणी होते. जास्त घर्षण टिकवणारं ऑइल ‘एमए’ वर्गात, कमी घर्षणाचं ‘एमबी’ वर्गात. २००६ मध्ये ‘एमए’चे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले, एमए२ची पकड त्यात वरची. एमबी हे बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरसाठी ठीक, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये नसतो. तेव्हा घरातल्या स्कूटरचा उरलेला डबा मोटरसायकलमध्ये रिकामा करू नका. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ छापलेलं आहे का, ते ओतण्याआधी वाचा. चुकीचं ऑइल पडलंच असेल तर ते सोडून योग्य ऑइल भरा. प्लेट जळल्या नसतील तर पकड बऱ्याचदा परत येते. “सिंथेटिकने क्लच स्लिप होतो” हेही खोटं आणि “जाड ऑइल टाकलं की पकड येते” हेही. ऑइल सिंथेटिक असो वा मिनरल, पातळ असो वा जाड, क्लचसाठी बघायचा तो जासोचा वर्ग. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेलाच.

ऑइलइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे केबलची ढील. “क्लच स्लिप होतोय, जरा टाइट करून द्या” ही फर्माईश ऐकून खरंच हात जोडावेसे वाटतात. केबल ताणली की काय होतं? लिव्हर सोडलेली असतानाही ती आतून थोडी दाबलेलीच राहते, स्प्रिंगचा काही दाब केबलच खाते आणि स्लिप वाढतो. लिव्हर बोटाने हलकेच ओढून बघा. ताण जाणवण्याआधी तिचं टोक थोडं मोकळं हललं पाहिजे. कित्येक कम्यूटर गाड्यांत ही ढील १० ते २० मिलिमीटर असते. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा बघा, कारण केबल चुकीच्या वाटेने नेली असेल तर ढील एका बाजूला नाहीशी होते. प्लेट झिजतात तशी बहुतेक गाड्यांत ढील कमी होत जाते. नव्या प्लेट बसताना तर ती लवकर बदलते, म्हणून काही दिवसांनी परत तपासायची. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.

हे दोन्ही नीट असेल, तरच कव्हर पुन्हा उघडायचं. दुरुस्तीनंतर पहिल्याच फेरीला स्लिप झाला असेल तर जोडणीवर संशय घ्यावा. प्रेशर प्लेटचे दाते हबच्या खाचांत बरोबर बसले नाहीत, तर बोल्ट आवळलेले दिसतात, पण चळत आवळली जात नाही. नव्या फ्रिक्शन प्लेट ऑइलमध्ये भिजवून बसवल्या होत्या का, हे विचारा. स्टील प्लेट निळसर पडली असेल तर ती तापलेली आहे. सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने वाक मोजता येतो. स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजायची आणि मर्यादेखाली गेली असेल तर सगळ्या स्प्रिंगा एकदम बदलायच्या.

आणि मुळात तो स्लिपच आहे ना? सप्तशृंगी गडाच्या चढाला डबलसीट गाडी रडली की लोक थेट क्लच उघडायला सांगतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर, इंजिन गरम झाल्यावर, वरच्या गियरमध्ये साधारण ४० च्या वेगाला एकदम अॅक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग मागे राहिला, तर स्लिप. दोन्ही एकत्रच सुस्त असतील तर ब्रेक चिकटतोय का, कॉम्प्रेशन किती आहे, ते बघा.

बाकीचे समज थोडक्यात. जुन्या फ्रिक्शन प्लेट पॉलिश पेपरने घासल्याने गेलेली जाडी परत येत नाही. स्प्रिंगखाली वॉशर टाकल्याने लिव्हर जड होते, केबलवर ताण येतो आणि मूळ दोष तसाच राहतो. “थोडी चालवा, आपोआप बसेल” हे स्लिपला लागू नाही. स्लिप होत चालवली तर नव्या प्लेटही जळतात. आणि कसारा घाट उतरताना क्लच दाबून धरल्याने पेट्रोल वाचतं, हाही भ्रम. तसं केल्याने इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तर गियरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर इंधन सहसा तोडलंच जातं. क्लच दाबला तर इंजिन आयडलवर ठेवण्यासाठी ते उलट खर्च होतं.