रविवारनंतरचे सहा दिवस

ख्रिस्ती माणसाची श्रद्धा कशावरून ओळखावी? रविवारची उपासना, प्रभुभोजन, उपवासकाळ, दशांश या गोष्टी दिसतात आणि मोजताही येतात, म्हणून उत्तर बहुधा तिथेच शोधले जाते. नव्या करारातले याकोबाचे पत्र मात्र अडचणीत टाकणारा प्रश्न विचारते. दारात उपाशी, उघडा माणूस उभा आहे आणि आपण त्याला तोंडभर आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्या विश्वासाचा उपयोग काय? माझ्या मते या प्रश्नाच्याही पुढे जायला हवे. कृती हवी हे खरे, पण कोणती? देणारा कायम वरच्या पायरीवर आणि घेणारा कायम खालच्या पायरीवर राहत असेल, तर दान झाले, पण ख्रिस्ताला अभिप्रेत असलेली सेवा झाली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात गुरूच शिष्यांचे पाय धुतो, ते उगाच नव्हे. समोरच्याला आपल्या बरोबरीने उभे करते, तीच श्रद्धा जिती म्हणावी. याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले जोडपे. 1960 मध्ये विवाह झाला आणि खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य घालवायचे, हे तेव्हाच ठरले. आधी त्यांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले, की बरे होऊन गेलेला रोगी काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतो, कारण दुखणे पाण्यात, उपासमारीत आणि अज्ञानात आहे. रुग्णालय कितीही मोठे बांधले तरी हे चक्र थांबणार नव्हते. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 मध्ये ते जामखेडच्या दुष्काळी मुलखात आले. औषधांची पेटी उघडण्याआधी गावकऱ्यांची गरज विचारली, तेव्हा पाणी आणि अन्न ही उत्तरे आली. 1972 च्या दुष्काळात आरोग्यकेंद्राचे काम विहिरी आणि सामूहिक स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचले ते त्यामुळेच.

गावोगाव नर्स नेमण्याचा पहिला प्रयोग फसला. त्यानंतर गावातल्याच बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित. जामखेडच्या प्रशिक्षणात सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली शेजारी शेजारी झोपत. समतेवरच्या शंभर प्रवचनांनी झाले नसते ते त्या एका पांघरुणाने साधले. पाण्याच्या बाबतीतही तसेच झाले. कूपनलिकेसाठी जागा शोधताना दलित वस्तीतल्या जागेला मुद्दाम प्राधान्य दिले गेले. पाणी हवे असेल तर सवर्णांनी तिथे यायचे. कुणालाही न हिणवता शिवाशिवीचा पायाच खणून काढला गेला. या बायका बाळंतपणे करू लागल्या, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी देऊ लागल्या, कुष्ठरोगाचा डाग ओळखू लागल्या. 1971 च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे 176 मुले वर्षभरात दगावत. 1990 च्या दशकापर्यंत हा आकडा विशीच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या लेखी त्याहून मोठी साक्ष 1988 ची आहे. वॉशिंग्टनच्या परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातले झगमगते दिवे महागडे आणि आवाक्याबाहेरचे असतात, आपली साधी वातीची पणती मात्र दुसरी पणती लावू शकते, असे त्यांनी जगभरच्या तज्ज्ञांना दोन पणत्या दाखवून सांगितले.

यावर पहिला आक्षेप ख्रिस्ती मंडळीतूनच येतो. तारण विश्वासाने मिळते, कर्माने नाही. मग कृतीवर एवढा भर का? मार्टिन ल्यूथरने याच कारणासाठी याकोबाच्या पत्राला कमी लेखले होते. पण विश्वासाची बाजू हिरिरीने मांडणारा पौलच गलतीकरांना लिहितो, की मोल आहे ते प्रीतीतून काम करणाऱ्या विश्वासाला. कृती ही तारणाची किंमत नव्हे, ते विश्वासाचे फळ आहे. दुसरा आक्षेप बाहेरून येतो, की अशी सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. शंका अनाठायी नाही, कारण मदतीला अटी जोडल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. म्हणूनच कसोटी कडक हवी: ज्याला मदत मिळाली, तो नाही म्हणायला मोकळा आहे का? जामखेडच्या आरोग्यसेविका हिंदू, बौद्ध, मुस्लिम राहूनच गावाच्या पुढारी झाल्या. तिसरा आक्षेप असा, की हे सारे देव न मानणारेही करतात. करतातच, आणि त्यांचे मोल तसूभरही कमी नाही. चांगुलपणाचा मक्ता ख्रिस्ती श्रद्धेकडे नाही. पण ज्याने क्रूस स्वीकारला, त्याला हे काम ऐच्छिक राहत नाही. मेबल 1999 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये गेले, ते जामखेडचे काम अखेरपर्यंत करीतच. इतकी वर्षे एका जागी टिकून राहायला केवळ उत्साह पुरत नाही.

राहिला प्रश्न सामान्य माणसाचा. प्रत्येकाला जामखेड उभारता येणार नाही, पण तिथले धडे कुठल्याही घरात चालतात. मदतीआधी विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. पैशासोबत आपले ज्ञान द्यावे. मोलकरणीच्या मुलीची फी भरली, तर तिला बँकेचा अर्ज भरायलाही शिकवावे. ज्याला मदत करतो त्याच्या पंगतीला बसावे. आणि दर वर्षाअखेरीस स्वतःला विचारावे, की माझ्याशिवाय चालेल असे किती जण मी घडवले? ख्रिस्ती वाचकाने नाताळाआधीच्या आगमनकाळात हा हिशेब मांडावा. इतरांनीही दिवाळीत तो मांडायला हरकत नाही. कसोटी सगळ्यांना सारखीच लागू पडते.